दगड फुटण्याआधी काय सांगतो?

चिखलदऱ्याचा हा डोंगर बसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर थिजत गेले, त्यातला हा दगड. एवढा कठीण दगड दाबाखाली एकदम फुटतो की आधी काही सांगतो, हे आज आपण पाहू.

घराचं आढं मोडण्याआधी करकरतं, नाही का? दगडही करकरतो. पण त्याचा बराचसा आवाज आपल्या कानापलीकडचा असतो. आपण फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो. दगडातल्या बारीक चिरांच्या लहरी शेकडो किलोहर्ट्झपर्यंत जातात. याला ध्वनिक उत्सर्जन म्हणतात.

प्रयोग असा. दगडाचा दंडगोल नमुना दाबयंत्रात उभा ठेवायचा आणि त्याच्या अंगाला पिझोइलेक्ट्रिक सेन्सर चिकटवायचे. हे सेन्सर कंपनाचं रूपांतर विजेच्या संकेतात करतात. भार वाढू लागला की आधी जुन्या फटी मिटतात, तेव्हा थोडे संकेत येतात. मग बरीचशी शांतता. त्यानंतर नव्या चिरा पडू लागतात, त्याही मुख्यतः भाराच्या दिशेला समांतर, म्हणजे उभ्या. शेवटी त्या एकमेकींना मिळतात, संकेतांचा पाऊस पडतो आणि नमुना फुटतो.

चीर नेमकी कुठे पडली? चांगल्या बसाल्टमध्ये लहर सेकंदाला साधारण ५ किलोमीटर धावते. म्हणजे ५ सेंटिमीटर जायला सेकंदाचा एक लाखावा भाग पुरतो. वेगवेगळ्या सेन्सरवर ती किती फरकाने पोचली, यावरून जागा काढता येते.

आता एक मेख. योझेफ कायझर यांनी १९५० मध्ये दाखवलं, की एकदा भार दिलेल्या पदार्थावर पुन्हा भार दिला तर आधीचा सर्वांत मोठा भार ओलांडेपर्यंत तो जवळजवळ गप्प राहतो. दगडातही हे बऱ्याच अंशी दिसतं. म्हणून शांतता म्हणजे दगड धडधाकट, असं समजू नये.

हेच कान आपण जमिनीखाली लावू शकतो का? कोयनेला ११ डिसेंबर १९६७ रोजी मोठा भूकंप झाला. तिथली कारणं समजावीत म्हणून २०१७ मध्ये सुमारे ३ किलोमीटर खोल विंधन पूर्ण झालं. वर बसाल्ट, खाली ग्रॅनाइटी खडक. पण प्रयोगशाळेत भार किती ते आपल्या हातात असतं. जमिनीत तो नेमका किती साचलाय, पुरता कळत नाही. म्हणून खाणीत संकेत वाढले की माणसं बाहेर काढता येतात. भूकंपाची तारीख मात्र सांगता येत नाही. कुणी सांगितली, तर ‘भार किती साचलाय ते कसं मोजलंत?’ एवढं त्याला नक्की विचारा.