बोर्डीला निघण्याआधी तिथी पाहा

पहिल्यांदा बोर्डीला गेलो तो दिवस अमावास्येचा होता. संध्याकाळी पाचच्या सुमाराला सुरूच्या बनातून किनाऱ्यावर उतरलो, तर समुद्र जागेवर नव्हताच. समोर नुसता ओला, करडा पट्टा आणि पार टोकाला एक चकाकती रेघ. मुलं हिरमुसली. जाळं आवरत बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, "तिथी बघून नाय आलात?"

मुंबईकर डहाणूला निघताना लोकलची वेळ पाहतो, भरतीची नाही. इथली सहल मात्र भरतीवरच ठरते. उत्तरेला खंभातचं आखात नरसाळ्यासारखं निमुळतं होतं. त्यात शिरणारं पाणी दाटतं आणि भरती-ओहोटीतला फरक मुंबईहून वाढत जातो. त्यातून बोर्डीचा किनारा सपाट, त्यामुळे पाणी थोडं उतरलं तरी दूरवर मागे हटतं.

वेळेचा हिशेब जुना आहे, तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची सव्वाअकरा, म्हणजे दुपारी पाणी काठाशी आणि दिवस मावळताना ओहोटी. तासभर मागेपुढे धरावं. रविवारी अष्टमी-नवमी आली तर सूर्यास्त पाण्यात पाय बुडवून पाहता येतो. शिवाय तेव्हा भांगाची भरती असते, पाण्याला उधाणाचा जोर नसतो.

2013 पासून विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत लोकल धावते. चर्चगेटपासून सुमारे सव्वाशे किलोमीटर. तिथून बोर्डी साधारण 17 किलोमीटर, आणि तो रस्ता घाईने संपवू नये. दुतर्फा चिकूच्या वाड्या आहेत, त्यांतल्या कितीतरी इराणी-पारशी कुटुंबांनी वाढवलेल्या. लांब काठीच्या टोकाला जाळी बांधून फळ अलगद उतरवतात. देठातून पांढरा चीक येतो, म्हणून चिकू धुऊनच पेटीत जातो. डहाणू घोलवड चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

बोर्डीच्या पुढे झाई. तलासरी तालुका बहुतेक सगळा डोंगर-पाड्यांचा, पण इथे तो समुद्राला टेकतो. होड्या, वाळत घातलेली मासळी, आणि पलीकडे गुजरात.

हा पट्टा इतका हिरवा राहिला तो आपोआप नाही. 1991 मध्ये केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने त्याच्या रक्षणासाठी प्राधिकरण नेमलं गेलं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. झाडं तोडण्यापासून कारखान्यापर्यंत अनेक गोष्टी या प्राधिकरणापुढे तपासल्या गेल्या. मुंबईच्या इतक्या जवळ अशा वाड्या टिकल्या, त्यामागे हे मोठं कारण आहे असं मला वाटतं.

आता डहाणूच्या दक्षिणेला वाढवण इथे समुद्रात भराव घालून महाकाय बंदर उभं राहणार आहे. ऑगस्ट 2024 मध्ये त्याची पायाभरणी झाली. किनाऱ्यावरचे मच्छीमार कित्येक वर्षं त्याला विरोध करत आले आहेत. इथला किनारा खडकाळ आहे, खडकांच्या आडोशाला मासळी वाढते, ती गेली तर आम्ही काय करायचं, हा त्यांचा प्रश्न. रोजगाराचं आश्वासन दिलं जातं, पण ज्याला पाण्याची वाट पाठ आहे त्याला क्रेनखालची नोकरी हा मोबदला वाटत नाही, आणि मला त्याचं म्हणणं पटतं.

पुढच्या अमावास्येला मुलांना तिकडेच न्यायचं ठरवलंय. या वेळी ओहोटी हवीच आहे. पाणी उतरलं की वाढवणचे खडक उघडे पडतात.