नव्वद दिवसांचा कागद

करोनाच्या टाळेबंदीत बांधकाम मजुरांना द्यायला पैसा नव्हता असं नाही. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घ्यायचा आणि तो बांधकाम मजुरांसाठीच वापरायचा, असा कायदा १९९६ मध्येच झाला. २४ मार्च २०२० ला, टाळेबंदी जाहीर झाली त्याच दिवशी, केंद्राच्या श्रम मंत्रालयाने राज्यांना कळवलं, की या निधीतून कामगारांच्या खात्यात पैसे टाका. महाराष्ट्राने एप्रिलमध्ये २,००० आणि ऑगस्टमध्ये ३,००० रुपये मंजूर केले, पण फक्त राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंद असलेल्या कामगारांना.

पुण्यात वारज्याच्या मजूर नाक्यावर मी या नोंदणीचे अर्ज भरून देते. तिथे उभं राहणाऱ्या बहुतेकांची तेव्हा नोंदणी नव्हती. नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस बांधकामावर राबल्याचं प्रमाणपत्र लागतं. नाक्यावरचा माणूस आज एकाकडे, उद्या दुसऱ्याकडे. ठेकेदार सही टाळतो, कारण सही केली की हा मजूर आपला, हे कबूल करावं लागतं; मग अपघाताची भरपाई आली, भविष्य निर्वाह निधी आला. म्हणजे ज्याचं काम सगळ्यात बेभरवशाचं, त्यालाच काम केल्याचा पुरावा मिळत नाही.

बाईची तर आणखी वेगळी कथा. यादगीरकडून आलेलं एक जोडपं माझ्याकडे यायचं. नवरा गवंडी, बायको बिगारी. त्याची हजेरी ८०० रुपये, दिवसभर घमेली वाहणाऱ्या तिची ४००. आणि मुकादमाच्या वहीत नाव एकट्या नवऱ्याचं! तिचे ९० दिवस भरले होते, कित्येकदा भरले होते, पण ते कुठेही लिहिलेले नव्हते.

टाळेबंदीत मजुरांच्या हातात चार दिवसांपुरतेही पैसे कसे नव्हते, असं मला अनेकांनी विचारलं. मोठ्या साइटवर मजुराला आठवड्याला फक्त खर्ची मिळते, डाळ-तांदळापुरती. बाकीचा हिशेब गावी जाताना. काम अचानक थांबलं तेव्हा महिनोन् महिन्यांची कमाई ठेकेदाराकडेच अडकली होती आणि त्याचा फोन लागत नव्हता. २९ मार्चला गृह मंत्रालयाने आदेश काढला: पगार कापू नका, महिनाभर मजुरांकडे घरभाडं मागू नका. ज्याचं नाव पगारपत्रकावर आहे त्याला हा आदेश निदान दाखवता तरी आला. नाक्यावरच्या माणसाने तो कोणाला दाखवायचा? मे महिन्यात तोही मागे घेतला गेला.

मजुरांची रेशन कार्डं गावाकडे, घरच्यांजवळ. कार्ड नसलेल्या स्थलांतरितांना दोन महिने माणशी ५ किलो धान्य देण्याची घोषणा मेच्या मध्यावर झाली. तोवर लोक चालायला लागले होते. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्यातल्या पोलाद कारखान्यात काम करणारी, मध्य प्रदेशातली माणसं होती ती. ठेकेदाराने परराज्यातून आणलेल्या मजुराला येण्याजाण्याचा खर्च द्यावा, असा कायदा १९७९ पासून होता. पाच मजूर आणणाऱ्या ठेकेदारालाही तो लागू होता. सप्टेंबर २०२० मध्ये संसदेने नवी कामगार संहिता संमत केली, तिच्यात ही मर्यादा दहावर नेली. त्याच अधिवेशनात सरकारने सांगितलं, की टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर मेले याची माहिती उपलब्ध नाही. याचा मला आजही संताप येतो. जिवंतपणी ज्यांची नोंद घेतली नाही, त्यांच्या मरणाची नोंद कुठून येणार?

ऑगस्ट २०२१ मध्ये ई-श्रम पोर्टल सुरू झालं. तिथे मजूर स्वतः सांगतो, मी अमुक काम करतो. मालकाची सही लागत नाही. केंद्र सरकार मजुराच्या शब्दावर विश्वास ठेवू शकतं, तर कल्याणकारी मंडळाने का ठेवू नये? ठेकेदाराच्या सहीवर विसंबणं थांबवावं, नाक्यावर येऊन चौकशी करावी आणि नवरा-बायकोची नोंद वेगवेगळी घ्यावी, एवढीच मागणी आहे.

तोपर्यंत तुमच्या सोसायटीत बांधकाम निघालं, तर बिल चुकतं करण्याआधी ठेकेदाराला विचारा, की कामावरच्या प्रत्येकाच्या, बायकांच्यासुद्धा, प्रमाणपत्रावर सही केलीत का.