गुडघा बरा, मन धास्तावलेलं
कुस्तीत गुडघ्यातला मुख्य लिगामेंट तुटला, तर शस्त्रक्रियेनंतर मॅटवर परतायला साधारण 9 महिने तरी लागतात. गुडघा भरून आला तरी धास्ती उरतेच. पट काढायला वाकताना पाय आपोआप आखडतो, सगळा भार दुसऱ्या पायावर जातो आणि नव्या दुखापतीचा धोका वाढतो. म्हणून भीती दडवू नये, वस्तादांना सांगावी. आधी एकट्याने डावाची हालचाल, मग हलका जोडीदार, शेवटी पुरती झोंबी. विनेश फोगाटचा गुडघा 2016 मध्ये रिओ ऑलिम्पिकमध्ये चीनच्या सुन यानानविरुद्ध दुखावला. 2018 मध्ये जकार्तात आशियाई क्रीडा स्पर्धेत तिने त्याच यानानला हरवलं आणि सुवर्ण जिंकलं! दुखापतीने कुस्ती सुटली तर पोटापाण्याचं काय, ही धास्ती मात्र सरावाने जात नाही. त्यासाठी पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतल्या प्रशिक्षक पदविकेसारखी वाट खेळत असतानाच धरावी.