साठवणीची गोष्ट : लेखांक ११
तबकडी आहे, ड्राइव्ह नाही

गेल्या महिन्यात मामांना मणक्याच्या दुखण्यासाठी पुण्यातल्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. एमआरआय कराडला झाला होता. हल्ली फिल्म देत नाहीत, कागदी पाकिटात एक सीडी देतात. मामांनी ती नॅपकिनात गुंडाळून, पिशवीत सगळ्यात वर ठेवून एसटीतून जपून आणली होती. डॉक्टरांनी पाकीट उलटसुलट केलं आणि परत दिलं. "काका, सीडी नाही चालायची. आमच्या नव्या कॉम्प्युटरला ड्राइव्हच नाहीये. पेनड्राइव्हवर आणता येईल का?"

मामा माझ्याकडे बघायला लागले. "अगं, अख्खा मणका आहे माझा त्यात. ह्यांना दिसत कसा नाही?"

रस्त्यापलीकडे झेरॉक्सचं दुकान होतं. तिथल्या मुलानं टेबलाखालून जुना डेस्कटॉप पुढे ओढला आणि ड्राइव्हचं बटण दाबलं. ट्रे हलेना. मग त्यानं जेम क्लिप सरळ केली, ड्राइव्हच्या तोंडावरच्या बारीक भोकात खुपसली आणि हलकेच दाबली. ट्रे बोटभर बाहेर आला, उरलेला त्यानं नखानं ओढला. सीडी ठेवली, ट्रे आत ढकलला आणि तो ओळखीचा आवाज सुरू झाला. आधी घरघर, मग शीळ, मग अडखळल्यासारखी खटखट. आठ मिनिटांनी मामांचा मणका पेनड्राइव्हवर आला. पन्नास रुपये घेतले. "रोज पाच-सहा येतात," तो मुलगा म्हणाला, "सगळे समोरूनच."

गेल्या आठवड्यात आपण फ्लॉपी पाहिली. फ्लॉपी गेल्याचं कुणाला फारसं वाईट वाटलं नाही, कारण तिच्यावर कुणाचा विश्वासच नव्हता. सीडीचं तसं नव्हतं. आपण तिच्यावर विश्वास टाकला. लग्नं, बारशी, आजोबांचा आवाज, क्ष-किरणांचे अहवाल, सगळं तिच्या स्वाधीन केलं. म्हणून तिचा ड्राइव्ह कसा गेला हे जरा नीट समजून घ्यायला हवं.

आधी तो काय करायचा ते बघू, कारण हे यंत्र मला आजही थक्क करतं. सीडी म्हणजे १२ सेंटिमीटर व्यासाची, १.२ मिलिमीटर जाडीची पारदर्शक प्लास्टिकची चकती. तिच्या वरच्या अंगाला धातूचा पातळ थर आणि त्यावर लाखेसारखं एक अस्तर. माहिती असते ती प्लास्टिकात उठवलेल्या खळग्यांच्या एका अखंड रेघेत. ही रेघ मधून सुरू होऊन वेटोळी घेत कडेला जाते. दोन वेटोळ्यांमधलं अंतर १.६ मायक्रॉन. रेघ उलगडून सरळ केली तर पाच किलोमीटरहून जास्त भरते. दादरहून निघाली तर वांद्र्याच्या पुढे जाईल. खालून ७८० नॅनोमीटरचा लेसर किरण या रेघेवर पडतो. सपाट जागेवरून तो नीट परततो, खळगा आला की परतणारा प्रकाश मंदावतो. या बदलांतून शून्य आणि एक वाचले जातात.

फिरणारी तबकडी कधीच पूर्ण सपाट नसते, ती अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास वरखाली डुलते. ड्राइव्हमधलं भिंग तिच्याबरोबर डुलत राहतं. बारीक तारांवर टांगलेलं, चुंबक आणि तारेच्या वेटोळ्यांनी हलणारं ते भिंग तबकडीपासूनचं आपलं अंतर मायक्रॉनच्या हिशेबात सांभाळतं, आणि तेही रेघ न सोडता. चालत्या बैलगाडीत बसून सुईत दोरा ओवावा तसं हे काम. आणि हा ड्राइव्ह शेवटी शेवटी हजार रुपयांच्या आत मिळायचा!

त्यात चुका सुधारण्याची सोयही होती. माहिती तबकडीवर सलग लिहिलेली नसते, ती विखरून आणि जास्तीच्या आकड्यांची जोड देऊन लिहितात. त्यामुळे सुमारे अडीच मिलिमीटरची रेघ पुसली गेली तरी गाण्यात खंड पडत नाही. म्हणूनच सीडी पुसायची ती मधून कडेकडे, सरळ रेषेत. गोल गोल पुसताना पडलेला ओरखडा वेटोळ्याच्या बाजूनं लांबवर जातो आणि मग ही सोय अपुरी पडते. आणखी एक. आपण सगळे चकचकीत बाजू जपायचो आणि नाव लिहिलेली बाजू खुशाल टेबलावर घासायचो. खरं तर सीडीत माहितीचा थर नावाच्या बाजूला, त्या अस्तराच्या लगेच खाली असतो. खालचा ओरखडा बऱ्याचदा घासून काढता येतो. वरच्या ओरखड्यावर इलाज नाही.

फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून ही तबकडी घडवली ती गाण्यांसाठी. १९८२ च्या ऑक्टोबरात जपानमध्ये पहिला प्लेयर विकायला आला. कॉम्प्युटरसाठीचे नियम लवकरच ठरले, पण ती घराघरांत पोचायला नव्वदचं दशक उजाडलं. ६५० एमबी म्हणजे साडेचारशे फ्लॉप्या! त्या काळी कित्येक कॉम्प्युटरांची हार्डडिस्कसुद्धा एवढी नव्हती. एका चकतीवर अख्खा विश्वकोश मावतो, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याचे डोळे कसे मोठे व्हायचे ते ज्यांनी पाहिलंय त्यांना आठवेल. आपल्याकडे 'चिप' आणि 'डिजिट'सारख्या मासिकांबरोबर सीडी यायची. इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून ठिबकत यायचं तेव्हा नवी सॉफ्टवेअर्स मिळवायचा कित्येकांचा हाच रस्ता होता. 'पीसीक्वेस्ट'नं लिनक्स असंच सीडीवरून हजारो घरांत पोचवलं. अंक वाचून रद्दीत जायचा, सीडी कपाटात जायची.

मग वेगाची चढाओढ लागली. मूळ वेग सेकंदाला १५० केबी, त्याला म्हणायचं १ एक्स. पुढे २, ४, ८, २४ करत गाडी ५२ एक्सवर आली आणि तिथेच थांबली. तो आकडा ड्राइव्हच्या तोंडावर मोठ्या अक्षरात असायचा, पण हा वेग मिळायचा तो फक्त तबकडीच्या कडेला. ५२ एक्सला तबकडी मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे घेते आणि तिची कड ताशी दोनशे किलोमीटरच्या वर जाते. प्लास्टिकला ते झेपत नाही. मधल्या भोकाशी केसाएवढी चीर असलेली सीडी या वेगात फुटते आणि तिचे तुकडे ड्राइव्हमध्ये विखुरतात. एका शाळेच्या संगणक कक्षात मी तो आवाज ऐकलाय. पुढच्या बाकावरची मुलं दचकून उभीच राहिली होती.

दुसरीकडे, जास्त माहिती मावावी म्हणून खळगे बारीक करायचे ठरलं. किरणाची तरंगलांबी कमी केली की तो जास्त बारीक खळगे वाचू शकतो. १९९६ साली बाजारात आलेल्या डीव्हीडीत ६५० नॅनोमीटरचा लाल किरण होता आणि ४.७ जीबीची जागा. २००६ साली आलेल्या ब्लू-रेत ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा किरण आणि २५ जीबी. त्यापुढचा टप्पा अतिनील किरणांचा, आणि तो प्रकाश प्लास्टिक स्वतःच शोषून घेतं आणि खराब होतं. भौतिकशास्त्रानंच तिथे कुंपण घातलं होतं. याच काळात हार्डडिस्क मात्र दर एक-दोन वर्षांनी फुगत होती. १ टीबीची हार्डडिस्क डीव्हीडीवर उतरवायची तर दोनशेहून जास्त डीव्हीड्या लागणार. बॅकअपसाठीचा तिचा उपयोग तिथेच संपला.

पण ड्राइव्हचे सोन्याचे दिवस आपल्याकडे आले ते 'रायटर'मुळे. कोऱ्या सीडीत खळगे नसतात, रंगद्रव्याचा एक थर असतो. जोरदार लेसरनं तो जागोजागी भाजायचा, की तेच डाग वाचताना खळग्यांसारखे वागतात. म्हणून 'बर्न करणं'. सुरुवातीच्या रायटरांना माहितीचा पुरवठा मध्येच तुटला की चकती कायमची वाया जायची. त्यामुळे राईट चालू असताना माउसला हात लावायचा नाही, असा कॉम्प्युटरवाल्यांच्या घरात दंडकच होता. सोवळ्यातल्या स्वयंपाकासारखा.

या कोऱ्या चकत्यांच्या जगात आपलंही एक नाव होतं, मोझर बेअर. नाव परदेशी वाटतं, कारण मूळ नाव स्विस कंपनीचं आहे. दीपक पुरी यांनी १९८३ साली दिल्लीत सुरू केलेला हा उद्योग आधी हजेरीच्या वेळा नोंदणारी यंत्रं बनवायचा, त्यासाठी तंत्रज्ञानाचं सहकार्य त्या स्विस कंपनीचं होतं. पुढे फ्लॉप्या, आणि १९९९ पासून सीडी. बघता बघता ही कंपनी अशा तबकड्या बनवणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या कारखानदारांत जाऊन बसली. २००७ साली ती चित्रपट विकायला उतरली आणि व्हीसीडीची किंमत ठेवली २८ रुपये, डीव्हीडीची ३४. चोरट्या प्रतीच्याच भावात खरी, छापील वेष्टणातली प्रत! किराणा दुकानात बिस्किटांशेजारी चित्रपट टांगलेले दिसायला लागले. भारतात कारखानदारी होऊ शकत नाही म्हणणाऱ्यांना या कंपनीनं खणखणीत उत्तर दिलं होतं, असं मला आजही मनापासून वाटतं. पण जी वस्तू ती जगात सर्वांत स्वस्त बनवत होती, ती वस्तूच लोकांना नकोशी झाली. पुढे सौरऊर्जेत घातलेला पैसाही तारू शकला नाही. २०१७ साली दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली आणि २०१८ साली कंपनी मोडीत काढण्याचा आदेश निघाला.

ड्राइव्हची कामं एकेक करून काढून घेतली गेली. गेम थेट इंटरनेटवरून विकणारं 'स्टीम' २००३ साली आलं. २००७ साली असूसनं 'ई पीसी' नावाचा चिमुकला लॅपटॉप काढला, त्याला ड्राइव्हच नव्हता. पुढच्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्जनी कागदी लिफाफ्यातून मॅकबुक एअर बाहेर काढला, त्यालाही नव्हता. यामागचं कारण साधं, जाडीचं होतं. लॅपटॉपमधला ड्राइव्ह १२.७ मिलिमीटर जाड, आणि एअरची सगळ्यात जाड बाजू १९.४ मिलिमीटर. तिथे तो बसणार कुठे? २०११ मध्ये अॅपलनं आपली नवी ऑपरेटिंग सिस्टीम डाउनलोडच्या रूपात विकली. २०१५ मध्ये विंडोज १० चं दुकानातलं खोकं उघडलं तर आत पेनड्राइव्ह निघायचा.

आपल्याकडे हा शेवट दुरुस्तीच्या दुकानांत बघायला मिळाला. जुना लॅपटॉप मंदावला की दुकानदार सांगायचा, "डीव्हीडी काढून टाकू, कॅडी बसवू." कॅडी म्हणजे ड्राइव्हच्याच मापाची पत्र्याची चौकट. हार्डडिस्कच्या जागी नवी एसएसडी, ड्राइव्हच्या जागी कॅडीत जुनी हार्डडिस्क. लॅपटॉप पळायला लागायचा. काढलेला ड्राइव्ह गिऱ्हाईक परत मागायचंही नाही. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि मोबाइलवर डेटा स्वस्त झाला, तेव्हा घरोघरीचे डीव्हीडी प्लेयरही टीव्हीखालून माळ्यावर गेले.

बनवणारेही एकेक करून बाजूला होत गेले. सोनीचा ड्राइव्ह बनवण्याचा धंदा २०१३ साली बंद झाला. कोऱ्या सीडी करणाऱ्या सगळ्यांत भरवशाच्या कंपन्यांपैकी जपानची ताइयो युदेन २०१५ च्या अखेरीस थांबली. २०२५ च्या फेब्रुवारीत सोनीनं कोऱ्या ब्लू-रेचं उत्पादनही आटोपलं.

तबकड्या मात्र जागच्या जागी आहेत. दवाखाने आजही स्कॅन सीडीवर देतात. न्यायालयांच्या फायलींतही त्या आहेत. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र जोडण्याविषयी जो निकाल दिला, त्या खटल्यातला वादही सीडीवरच्या भाषणांचा आणि गाण्यांचा होता. आणि तुमच्या-माझ्या कपाटात तर ढीगच आहे. माझी खरी काळजी तीच आहे. तबकडी खराब होतेच. रंगद्रव्य उन्हानं उडतं, कडेनं हवा शिरून धातूचा थर काळवंडतो, चिकटवलेलं लेबल उपटताना तो थरही सोबत निघतो. पण तबकडी ठणठणीत असताना वाचणारं यंत्रच मिळेनासं होणं, हे त्याच्याही आधी घडतंय.

यूएसबीला जोडायचा बाहेरचा ड्राइव्ह अजून बाजारात मिळतो. तो घेताना दोन तोंडांची केबल असलेला घ्या. काही लॅपटॉपांच्या एका पोर्टमधून पुरेशी वीज मिळत नाही, मग तबकडी फिरायला लागते आणि थांबते. उतरवताना वेग कमी ठेवा. एका ड्राइव्हनं नाही वाचली तर दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये घालून बघा, एकाला न दिसलेला डाग दुसऱ्याला दिसतो. आणि फाइल नुसती पेनड्राइव्हवर ठेवून निवांत होऊ नका. त्याचं कारण पुढच्या लेखांकात येईल.

मामांना एसटीत बसवून दिल्यावर घरी येऊन मी माझं कपाट उघडलं. २००४ साली आजीच्या ओव्या टेपवरून सीडीवर उतरवून घेतल्या होत्या. पाकिटावर माझ्याच अक्षरात निळ्या शाईनं तारीख. सात फाइली. बाहेरच्या ड्राइव्हवर चार निघाल्या. उरलेल्या तिन्हींपाशी तो तासभर खटखट करत राहिला. दुसऱ्या दिवशी सीडी घेऊन त्याच झेरॉक्सच्या दुकानात गेले. त्या जेम क्लिपवाल्या ड्राइव्हनं आणखी दोन काढून दिल्या. सातवी अकरा मिनिटं नीट चालते, जात्याची घरघरही ऐकू येते, आणि मग आजीचा आवाज एका शब्दाच्या मध्यावर तुटतो. टापकीर गल्लीत एका दुकानदाराकडे जुन्या रायटरांचं खोकं आहे असं कळलंय. रविवारी सीडी घेऊन जाणार आहे.

(पुढील लेखांक : पेनड्राइव्ह)