नळ घट्ट आवळू नका, आधी मोजा! घरच्या वर्कशॉपमधून नळदुरुस्ती

(हे आपल्या नव्या एपिसोडचं लेखी रूप आहे. एपिसोड ऐकून झाला असेल, तर मापं आणि पायऱ्या इथून उतरवून घ्या. ऐकायला वेळ नसेल, तर नुसतं वाचलं तरी चालेल.)

आजचा विषय आहे गळका नळ. हसू नका. उन्हाळ्यात वर्ध्यात राहून पाहिलं असेल, तर ही गंमत नाही हे तुम्हाला माहीत आहे. पारा पंचेचाळीसच्या आसपास, नळाला पाणी ठरावीक वेळीच, आणि वरच्या टाकीतलं जपून साठवलेलं पाणी रात्रभर टपटपत मोरीत जातंय.

किती जातं, हे स्वतःच मोजा. गळणाऱ्या नळाखाली एक लिटरची बाटली ठेवा आणि मोबाईलवर स्टॉपवॉच लावा. बाटली तासाभरात भरली, तर दिवसाला २४ लिटर गेले. ५०० लिटरची टाकी एकवीस दिवसांत रिकामी. मोटर चालवून वर चढवलेलं पाणी, विजेचं बिल भरून, गटारात.

अशा वेळी आपण काय करतो? नळ आणखी घट्ट आवळतो. दोन दिवस थांबतं, मग पुन्हा गळतं, मग आणखी जोर. शेवटी आटे झिजतात, नाहीतर नळ भिंतीतच तुटतो. बरेच श्रोते पुण्यात नाहीतर बेंगळुरूत आहेत, आणि गावी आई-बाबा दोघंच. तिकडे हा जोर कोण लावतंय, याचा विचार करा.

आजचा मुद्दा एवढाच: गळती ही जोराची भानगड नाही, दोन तोंडांची आहे. दोन पृष्ठभाग एकमेकांना नीट टेकत नाहीत, म्हणून पाणी मधून वाट काढतं. कोणतं तोंड बिघडलंय ते शोधायचं, मोजायचं आणि तेच सरळ करायचं. लेथवर, ड्रिलवर किंवा साध्या कानशीने काम करणारा माणूस दिवसभर हेच तर करत असतो. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे माझ्या भाषेत सांगतो: आधी बग शोधा, मग कोड बदला. पाना हातात घेऊन थेट प्रॉडक्शनवर जाऊ नका.

गळतंय कुठून?

साधा पितळी नळ, म्हणजे आपल्याकडची तोटी, आतून फार सोपी असते. वरचा दांडा म्हणजे स्पिंडल. त्याच्या टोकाशी रबरी वायसर. खाली नळाच्या पोटात एक गोल कडा, तिला सीट म्हणतात. नळ बंद केला की वायसर सीटवर दाबला जातो आणि पाणी थांबतं. वर स्पिंडलभोवती दोऱ्याचं पॅकिंग आणि ते दाबून धरणारा ग्लँड नट.

आता निदान:

१. नळ बंद असताना तोंडातून गळतोय: वायसर किंवा सीट.
२. नळ चालू केल्यावर वरून, दांड्याजवळून गळतोय: ग्लँडचं पॅकिंग.
३. भिंतीजवळ ओल येते: जोडाचे आटे.

फक्त एवढं ओळखता आलं तरी प्लंबरला फोनवर नेमकं सांगता येतं, आणि तो योग्य सामान घेऊन येतो.

दांड्याजवळची गळती सगळ्यात सोपी. ग्लँड नट अगदी पाव फेरा फिरवून बघा. नाही थांबलं तर वरचा कॉक बंद करा, नट काढा, टेफ्लॉन टेप पिळून दोरी करा आणि दांड्याभोवती गुंडाळून नट पुन्हा बसवा. दांड्यावर चरे दिसले, तर तो ड्रिल मशीनच्या किंवा लेथच्या चकात धरून बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. खरबरीत दांडा नवं पॅकिंगही खाऊन टाकतो.

वायसर बदलला, तरी गळतंय?

ही तक्रार वर्ध्यात हमखास ऐकू येते, आणि त्याला कारण आहे. आपला जिल्हा बहुतेक काळ्या बेसाल्ट खडकावर बसलाय. बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. बादलीवर, गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो, तोच सीटवरही चढतो. वायसर त्यावर एकसारखा बसत नाही. एखाद्या जागी बारीक फट राहते, तिथून पाणी जोरात निसटतं आणि वर्षानुवर्षांत पितळात खाच पडते. मग कितीही नवे वायसर टाका, ते खाचेवरच बसणार.

आधी थर काढा. किराणा दुकानातलं सायट्रिक अ‍ॅसिड कोमट पाण्यात विरघळवून सुटे भाग त्यात अर्धा तास ठेवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. रात्रभर ठेवू नका, आम्ल पितळातलं जस्त खातं आणि पितळ गुलाबी पडतं. ब्लीचिंगसोबत तर चुकूनही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

थर गेल्यावरही सीटला खाच दिसली, तर वर्कशॉपचं काम सुरू. बाजारात सीट कटर मिळतो, तो मिळाला तर उत्तम. नाहीतर घरी असं करता येतं:

भंगारातून त्याच मापाचा जुना नळ आणा. त्याचा वरचा भाग काढा, आतला दांडा काढून टाका. तो भाग लेथच्या चकात धरून मधोमध आरपार सरळ भोक पाडा, ८ मिमीचा रॉड त्यात न डगमगता फिरेल इतकं. हा झाला गाइड. आता त्या रॉडच्या टोकाला सीटपेक्षा थोडी मोठी, पण नळाच्या पोटात मावेल अशी चकती बसवा आणि लेथवर तिचं तोंड रॉडशी अगदी गुण्यात येईल असं कापा. चकतीवर ३२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा. गाइड दुरुस्तीच्या नळावर आट्यांनी बसवा आणि रॉड हाताने, हलक्या दाबाने, दहा-बारा फेरे फिरवा.

गाइडची एवढी खटपट कशासाठी? कारण बोटाने पॉलिश पेपर घासला तर सीट एका बाजूला तिरकी होते. गाइडमुळे चकती सीटला समांतरच राहते. मशीनकामाचं सगळं मर्म इथेच आहे: हत्यार कसं धरलंय, यावर काम ठरतं.

झालं की नाही, हे कसं कळणार? सीटच्या कडेवर परमनंट मार्करने रंग लावा आणि चकती एक फेरा फिरवा. रंग सगळ्या बाजूंनी सारखा गेला, तर सीट सपाट. कुठे रंग राहिला, तर तिथे अजून खड्डा आहे. ही झाली युनिट टेस्ट. खड्डा खूपच खोल असेल, तर घासत बसू नका, नळ बदला.

एक सूचना: पितळेत ड्रिल करताना बिट अचानक ओढून घेतं आणि जॉब हातातून सुटतो. म्हणून बिटची कापणारी धार ऑइलस्टोनवर किंचित बोथट करून घ्या आणि जॉब व्हाइसमध्ये पकडा. लेथवर हातमोजे नकोत, सैल बाह्या नकोत, चकाची चावी चकात विसरायची नाही. आणि मशीनवर सहज कापल्या जाणाऱ्या पितळेत बऱ्याचदा थोडं शिसं असतं. त्यामुळे भुसा नीट धुवून काढा आणि दुरुस्तीनंतर पहिलं पाणी वाहू द्या. ते पिऊ नका.

अर्धा इंच, जो अर्धा इंच नाही

दुकानात आपण म्हणतो, ‘अर्ध्या इंचाची तोटी द्या.’ घरी व्हर्नियर असेल तर त्या आट्यांची बाहेरची जाडी मोजा. सुमारे २१ मिमी भरते. अर्धा इंच तर १२.७ मिमी! हे जुनं नाव आहे, पाइपच्या आतल्या पोकळीवरून पडलेलं. आपल्याकडचे पाइपाचे आटे ब्रिटिश पद्धतीचे: अर्ध्या इंची जोडाला इंचाला १४ आटे, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर १.८१४ मिमी, आणि आट्याचा कोन ५५ अंश.

अमेरिकी मापाच्या अर्ध्या इंची जोडालाही इंचाला १४ आटेच असतात, पण कोन ६० अंश आणि जाडी थोडी वेगळी. म्हणून ऑनलाइन मागवलेलं एखादं फिटिंग दोन-तीन फेरे छान बसतं आणि मग अडकतं. आपण जोर लावतो, आटे मोडतात. इथेही जोराआधी माप.

प्लॅस्टिक पाइपांचं वेगळं. सीपीव्हीसीच्या प्लॅस्टिक आट्यांत लोखंडी किंवा पितळी नळ आवळला, की फिटिंगला चीर जाते, आणि ती कधी महिन्यांनी उघडी पडते. अशा ठिकाणी पितळी आटे बसवलेलं फिटिंगच वापरा.

निप्पल भिंतीत तुटली तर

नळ काढताना त्याचा आट्यांचा तुकडा आत एल्बोमध्ये तुटून राहतो. घाबरून भिंत फोडायची गरज बहुतेक वेळा नसते. माइल्ड स्टीलचा चौकोनी रॉड घ्या, कानशीने त्याला निमुळतं टोक करा. ते तुटक्या तुकड्यात हलकेच ठोकून बसवा आणि पान्याने उलटं फिरवा. चारही कडा पितळेत रुततात आणि तुकडा बाहेर येतो. जुनी कानस मात्र ठोकू नका. ती कडक आणि ठिसूळ असते, तडकून तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. चष्मा लावाच. आणि त्या भिंतीतून वायर गेली असेल, तर आधी मेन स्विच बंद.

टाकीचा बॉल कॉक आणि गावचा हातपंप

टाकी भरूनही पाणी वाहत राहिलं, तर बॉल कॉकची दांडी हलवून बघा. जिथे ती पिनवर फिरते, ते भोक झिजून लांबट झालेलं असतं. दांडी डगमगते आणि वॉल्व पूर्ण दाबत नाही. इलाज: भोक एक माप मोठं, गोल ड्रिल करा आणि तेवढ्याच जाडीची स्टेनलेसची पिन टाका. दहा मिनिटांचं काम.

झिजलेल्या पिनेची हीच गोष्ट महाराष्ट्रात एकदा फार मोठ्या प्रमाणावर घडलीय. दुष्काळी भागात खडक फोडून बोअर घेतले गेले आणि त्यावर ओतीव लोखंडाचे हातपंप बसवले. ते पंप मुळात एका कुटुंबासाठी. इथे अख्खं गाव दिवसभर हापसणार. सांधे झिजले, पंप बंद पडले. खाली पाणी होतं, वर येत नव्हतं. तेव्हा जालन्यात आणि सोलापुरात, कारखान्यांच्या हेड ऑफिसात नव्हे, पंप दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये, स्टीलचे मजबूत पंप घडले. सोलापूरच्या पंपावरून पुढे युनिसेफच्या मदतीने १९७०च्या दशकात इंडिया मार्क टू तयार झाला: एकाच सांध्यावर फिरणारा दांडा, त्याला बॉल बेअरिंग, आणि साखळी. तो जगातल्या सर्वाधिक वापरल्या गेलेल्या हातपंपांपैकी एक ठरला. नंतरच्या मार्क थ्रीमध्ये आतला दट्ट्या सगळे पाइप न उपसता काढता येतो, म्हणजे गावातच दुरुस्ती व्हावी हाच विचार.

मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की झिजलेला भाग हातात घेऊन पाहणाऱ्यांना उत्तर सापडलं.

आणि वर्ध्याच्या लोकांना हा विचार परका नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये इथेच भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम पुढे आली: हस्तोद्योग हा शिक्षणाचा जोडधंदा नव्हे, शिक्षणाचं माध्यम. ग्रामोद्योगाची हत्यारं मांडलेलं मगन संग्रहालय आजही शहरात आहे. आपण बीटेकवाले फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये लोखंडाचा एक चौकोन घासतो, व्हायवा देतो आणि विसरतो. आयटीआयचा फिटर दोन वर्षं तेच शिकतो. गुण्या लावून उजेडासमोर धरायचं, फट दिसली की पुन्हा घासायचं. नळदुरुस्तीला लागते ती हीच नजर.

कुठे थांबायचं

घरी लेथ नसेल तर? बहुतेकांकडे नाहीच. एक व्हर्नियर, दोन कानशी, एक व्हाइस आणि ड्रिल मशीन यात यातलं बरंच जमतं. लेथचं काम असलं, तर माप कागदावर लिहा आणि एमआयडीसीतल्या लेथवाल्या भाऊंकडे जा. ‘असंच काहीतरी करून द्या’ म्हणण्यापेक्षा मापाचं चित्र दिलं, की काम नीट होतं आणि तेही खूश होतात.

जो भाग दुकानात चहाच्या किमतीत मिळतो, तो बनवत बसू नका. पाव फेऱ्याच्या नव्या नळांत सिरॅमिक चकत्या असतात. त्या घासायच्या नाहीत, अख्खं कार्ट्रिज बदलायचं, जुनं सोबत नेऊन. गिझरचा सेफ्टी वॉल्व घरी बनवायचा नाही, दुरुस्तही करायचा नाही. तो बिघडला तर टाकी फुटू शकते. गॅसच्या पाइपलाही हात लावायचा नाही. आणि पिण्याच्या पाण्याच्या नळात टायरच्या ट्यूबचा वायसर नको, पाण्यासाठीचाच घ्या.

या रविवारी एकच काम करा. घरातले सगळे नळ बंद करा, टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करा, दोन तास थांबा. पातळी खाली गेली, तर शोध सुरू करा: तोंड, दांडा की भिंत? गावी आई-बाबांना फोन लावाल, तेव्हा हेच तीन प्रश्न विचारा. आणि सांगा, ‘बाबा, जोर लावू नका, फक्त कुठून गळतंय तेवढं बघून ठेवा.’

तुमच्या नळाचा फोटो आणि माप पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये त्यावर बोलू. तोवर, पाणी जपा. भेटूया!