अर्ध्या अंशाचा हिशेब

टेबल सॉबरोबर येणारा माइटर गेज म्हणजे खाचेत सरकणारी धातूची पट्टी आणि तिच्यावर अंशांच्या खुणा असलेलं फिरतं डोकं. यंत्र स्वस्त करताना बहुधा इथेच काटकसर होते. पट्टी खाचेत डुलते, डोकं तोकडं असतं, खुणा जाड असतात. ४५ वर लावलेला काटा प्रत्यक्षात ४४.५ वर असू शकतो.

हा अर्धा अंश किरकोळ नाही. फोटोफ्रेमच्या चार कोपऱ्यांना आठ काप लागतात. प्रत्येकात तीच चूक असेल, तर शेवटच्या कोपऱ्यात ४ अंश साचतात. ५० मिमी रुंद पट्टीवर जवळजवळ ५ मिमीची फट!

खोपोलीत मात्र सगळा दोष गेजच्या माथी मारू नये. घाटाच्या पायथ्याची पावसाळी हवा शोषून लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळपास नाहीच. म्हणून मे महिन्यात घट्ट बसलेला सांधा जुलैत बाहेरच्या टोकाला उघडतो आणि पावसात जोडलेला उन्हाळ्यात आतून. जोडतानाच फट दिसली, तर गेज तपासा.

दोन्ही कडा समांतर असलेली फळी काटकोनात कापा. एक तुकडा उलटा करून, दोन्ही सरळ कडेला टेकवून काप जुळवा. फटीचा कोन चुकीच्या दुप्पट दिसतो, त्यामुळे बारीक चूकही लपत नाही. पट्टी डुलत असेल, तर तिच्या बाजूवर सेंटर पंचने हलके ठोके द्या. धातू किंचित उचलला जाऊन पट्टी खाचेत नीट बसते. डोक्याला लांब, सरळ फळी स्क्रूने जोडा. महागडा गेज घेण्याआधी एवढं कराच.