जपानची वाहनतपासणी आणि डिपरची रेघ

जपानमध्ये गाड्यांची सक्तीची तपासणी असते, तिला ‘शाकेन’ म्हणतात. नव्या खाजगी कारला तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी. ती पास झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर चालवता येत नाही.

आता हेडलाइटचं बघा. पूर्वी तपासणी व्हायची हाय बीमवर, म्हणजे आपल्या अप्परवर. पण माणूस रोज चालवतो डिपरवर! म्हणून सप्टेंबर १९९८ पासूनच्या गाड्यांचा डिपर तपासायचा असं ठरलं. २०१५ पासून तोच मुख्य निकष झाला. तरी एक सवलत उरली होती: डिपरचं माप जमलं नाही, तर अप्पर मोजून पास करता यायचं. ऑगस्ट २०२४ पासून ही सवलत काढायला सुरुवात झाली. काही भागांना जुलै २०२६ अखेरपर्यंत मुदत मिळाली.

यात अडकतात बाहेरून बसवलेले एलईडी बल्ब. का? हॅलोजनच्या दिव्यातला रिफ्लेक्टर त्या बल्बच्या तारेची जागा धरून घडवलेला असतो. एलईडीची चिप जरा सरकली, की उजेड विस्कटतो. डिपरला वर अंधार, खाली उजेड अशी स्वच्छ रेघ लागते. तिच्या आधारानं मशीन ठरावीक जागी दर दिव्याला किमान ६,४०० कँडेला शोधतं. रेघच पुसट, तर मोजणार कुठे? दिवा झगझगीत असूनही नापास होतो.

आणि तोच विस्कटलेला उजेड समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात जातो. त्यामुळे बल्ब बदललात, तर रात्री भिंतीसमोर डिपर लावून रेघ नक्की बघा.